स्नानसंस्काराच्या वहीतील आयरिश नावे

गेल्या पावसाळ्यात एक तरुण जोडपे बाळाच्या स्नानसंस्काराची तारीख ठरवण्यासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात आले. नवरा मूळचा वसईचा, चाकणच्या मोटार कारखान्यात नोकरीला, पत्नी श्रीरामपूरकडची. सोबत नवऱ्याची आई होती. तरुणाने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर मुलींची वीसेक गेलिक नावे अर्थासह उतरवून आणली होती. पसंतीचे नाव होते 'नीव', अर्थ 'तेज'. आजीबाई मात्र हिरमुसलेल्या दिसल्या. त्या म्हणाल्या, "फादर, नाव गोड आहे, मला हाकही मारता येईल. पण ते आहे कुणाचं? आमच्या घरात, गावात, देवळात कुणाचं तरी आहे का?"

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर द्यायचे तर बरेच मागे जावे लागते.

गेलिक ही आयर्लंड आणि स्कॉटलंड येथील प्राचीन भाषा. ती आपल्यापासून फार दूरची वाटते. तरीही पिंपरी-चिंचवड परिसरातील कोणत्याही धर्मग्रामाची नोंदवही उघडा, त्यात केविन, ब्रायन, नील, ब्रेंडन, माल्कम, मॉरीन ही नावे सापडतील. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढे औद्योगिक वसाहत वाढत गेली. वसई, गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडू, नगर अशा सर्व दिशांनी आपली कुटुंबे येथे आली. प्रत्येकाने आपापली नावे आणली. इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेल्या नावांना आपण 'इंग्रजी नावे' म्हणून मोकळे झालो. वास्तविक त्यांतील कितीतरी नावे इंग्रजांची नव्हेतच.

केविन हे नाव पाहा. मूळ उच्चार 'कीवीन'च्या जवळचा. अर्थ 'सुंदर, सौम्य जन्माचा'. सहाव्या शतकात ग्लेंडालॉकच्या दरीत एकांतवास करून मठ स्थापन करणारे संत केविन यांच्यामुळे ते प्रसिद्धीस आले. ब्रेंडन म्हणजे 'राजपुत्र'. त्याच शतकातील हे संत समुद्रप्रवासाबद्दल विख्यात आहेत. एडन म्हणजे 'छोटा अग्नी'. 635 साली उत्तर इंग्लंडमधील लिंडिसफार्न बेटावर श्रद्धेची ज्योत नेणाऱ्या संताला ते शोभून दिसते. ब्रायनचा अर्थ बहुधा 'उच्च, थोर' असा असावा. आयर्लंडचा राजा ब्रायन बोरू 1014 साली, शुभ शुक्रवारी, क्लोंटार्फच्या लढाईत मारला गेला. शॉन म्हणजे आपला योहानच. गोव्याचा जुवांव, इंग्रजांचा जॉन आणि आयरिशांचा शॉन ही एकाच नावाची भावंडे आहेत.

या लोकांची एक रीत मला विशेष भावते. मरियामातेचे नाव त्यांना इतके पवित्र वाटे की, शतकानुशतके ते मुलींना जसेच्या तसे ठेवीत नसत. त्याऐवजी 'मेल मुरे' म्हणजे 'मरियेचा भक्त' असे नाव देत. पुढे मुलींना मरियेचे नाव देऊ लागले, तेव्हाही मातेसाठी 'मुरे' हे रूप राखून ठेवून मुलींसाठी 'मॉरा' हे वेगळे रूप घेतले. मॉरीन हे त्याचेच लाडके रूप. 'मेल' या शब्दाचा मूळ अर्थ मुंडन केलेला. मठवासी डोके मुंडवीत, त्यावरून भक्त, सेवक. माल्कम म्हणजे संत कोलम यांचा भक्त. आपल्याकडील येशूदास, मरियादास यांहून हे वेगळे ते काय?

पण ही नावे घेऊन आयरिश माणसे पुण्यात आली ती संत म्हणून नव्हेत, शिपाई म्हणून. ब्रिटिशांच्या फौजेत गरिबीने गांजलेले आयरिश तरुण मोठ्या संख्येने भरती होत. पुण्यातील पहिले कॅथॉलिक देऊळ 1792 सालचे. पेशव्यांनी दिलेल्या जागेवर, त्यांच्या सैन्यातील पोर्तुगीज वंशाच्या ख्रिस्ती लोकांसाठी ते उभे राहिले. आज आपण त्याला सिटी चर्च म्हणतो. त्यानंतर 1850 साली लष्करातील आयरिश शिपायांसाठी देऊळ झाले, आणि त्याला नाव मिळाले आयर्लंडच्या आश्रयदात्या संताचे, संत पॅट्रिक यांचे. 1886 साली पुणे धर्मप्रांताची स्थापना झाल्यावर ते आपले कॅथेड्रल ठरले. हे देऊळ उभे राहत होते, त्याच सुमारास, 1845 ते 1852 या काळात, त्या शिपायांच्या मायदेशात बटाट्याच्या पिकावरील रोगाने महादुष्काळ पडला होता. सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली.

दुष्काळाने माणसांबरोबर भाषाही नेली. गेलिक बोलणारी गरीब खेडी ओस पडली. 1864 पासून आयर्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद सक्तीची झाली, ती इंग्रजीत. घरात डिअर्मिड म्हणून हाक मारला जाणारा मुलगा कागदावर जेरेमाया झाला. टायग नावाचा टिमथी झाला, कोनहूर नावाचा कॉर्निलियस. अर्थाचा काही संबंध नव्हता. कानाला जे जवळचे वाटले, ते लिहिले गेले. धर्मग्रामांच्या नोंदवह्यांतही लॅटिन वा इंग्रजी रूपेच भरली गेली. घरचे नाव एक आणि वहीतले दुसरे, अशी एक पिढीच्या पिढी वाढली. 1893 साली गेलिक लीगची स्थापना झाल्यावर लोक आपली जुनी नावे पुन्हा अभिमानाने लावू लागले.

वाचकहो, येथे मला एक कबुली द्यायची आहे. मला गुरुदीक्षा मिळून वर्षही झाले नव्हते. एका कामगार कुटुंबाने मुलीचे नाव 'शीला' ठेवायचे ठरवले. मी म्हणालो, "या नावाची संत नाही, ख्रिस्ती नाव द्या." बाप अवघडून गप्प बसला, आणि मी वहीत 'सिसिलिया' असे लिहिले. पंचवीस वर्षांनी ती मुलगी लग्नाचे कागद घेण्यास आली. शाळेच्या दाखल्यावर शीला, आमच्या वहीत सिसिलिया! तिला प्रतिज्ञापत्र करावे लागले, खेटे पडले. ती हसून म्हणाली, "फादर, ही सिसिलिया कोण, ते मला आजवर कळलंच नव्हतं." त्या दिवशी मला आपल्या घाईची लाज वाटली. पुढे वाचनात आले की, आयरिश भाषेत 'शीला' हे सिसिलिया या नावाचेच रूप आहे! आयर्लंडमधल्या शीलांना तेथील वह्यांत सिसिलिया केले जात होते. मी न कळत तेच येथे केले. फरक एवढाच की, आमची शीला 'शील' या संस्कृत शब्दातून आली होती आणि तिच्या आईबापांना त्याचा अर्थ ठाऊक होता.

मी चुकलो होतो ते पवित्र सभेच्या कायद्यानेही. 1917 च्या संहितेत ख्रिस्ती नावाचा आग्रह होता. पण पालकांनी दुसरे नाव ठेवले, तर त्याला संताचे नाव जोडून दोन्ही वहीत लिहावीत, असे त्यात सांगितले होते. 1983 ची संहिता तर एवढेच म्हणते की, ख्रिस्ती भावनेला परके असे नाव देऊ नये. शील हे ख्रिस्ती भावनेला परके कसे असेल? रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी नारायण हे नाव टाकले नाही. म्हणून त्यांची भक्ती उणी पडली नाही.

नावांच्या बाबतीत कान फसवतात, हेही ध्यानात ठेवावे. आपला किरण म्हणजे प्रकाशरेषा. आयरिश कीरन म्हणजे सावळा. आपला नील निळा. आयरिश नीलचा अर्थ कोणी 'मेघ' सांगतात, कोणी 'वीर'. हे योगायोग आहेत. काही नाती मात्र खरी आहेत. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि केल्टिक भाषांचे मूळ एक असावे, असे विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात सुचवले होते. आयरिश 'री' म्हणजे राजा, 'बो' म्हणजे गाय, 'माहिर' म्हणजे माता. आणि 'ब्रिगिड' म्हणजे उच्च, थोर. आपल्या 'बृहती' या शब्दाची ती सख्खी बहीण.

येथवर आल्यावर मी त्या तरुणाचा कागद पुन्हा हाती घेतला. 'नीव' हे आयरिश दंतकथेतील एका राजकन्येचे नाव. त्याची आयरिश धाटणीची इंग्रजी अक्षरे वाचून शाळेतला कारकून 'नियाम' म्हणेल, हे मी सांगितले. मग यादीच्या तळाशी बोट ठेवले. तेथे लिहिले होते ब्रिजिड. मी आजीबाईंना विचारले, "तुमचं नाव काय?" "ब्रिजिट," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीचंही तेच होतं."

क्षणभर कोणी बोलले नाही. किल्डेअरच्या संत ब्रिजिट यांचा सण 1 फेब्रुवारीला येतो. 2023 पासून आयर्लंडमध्ये त्यानिमित्त सार्वजनिक सुट्टीही असते. स्वीडनच्या संत ब्रिजिट यांचे नावही त्याच मुळातून निघालेले. जे नाव तरुण मुलगा परदेशी यादीत शोधत होता, ते त्याच्या आईच्या मुखी पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. त्याचा अर्थ तेवढा कोणी तिला सांगितला नव्हता.

माझे पालकांना एवढेच सांगणे आहे. नाव कोठलेही घ्या, मराठी, लॅटिन वा गेलिक. पण ते कोणाचे होते आणि त्याचा अर्थ काय, हे बाळाला सांगता आले पाहिजे. घरच्या वडीलधाऱ्यांनाही एकदा विचारा. आणि जे नाव घरात हाक मारणार, तेच वहीत, दाखल्यावर, सगळीकडे लिहवून घ्या.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर स्नानसंस्कार झाला. धर्मपित्याने मेणबत्ती धरली, आजीबाईंनी बाळाला कुशीत घेतले. मी नोंदवही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिले : नीव ब्रिजिट. या वेळी दोन्ही नावे लिहिली.