शेजारती ते काकड आरती : तीनशे जीबी कसे गेले

शिर्डीसारख्या गावात घरचा सर्व्हर हे आता फक्त कॉम्प्युटरवेड्या पोरांचं प्रकरण राहिलेलं नाही. लॉजचं सीसीटीव्ही आणि बिलं, स्टुडिओतले लग्नांचे फोटो, आजोबांच्या काळातले स्कॅन केलेले अल्बम हे सगळं कुठेतरी ठेवायला हवं असतं. मग कुणी जुन्या डेस्कटॉपमध्ये दोन हार्ड डिस्क टाकतो, कुणी घरच्या नेटवर्कला जोडून डेटा साठवणारी तयार एनएएस पेटी आणतो. लोणीला किंवा कोपरगावला इंजिनिअरिंग शिकणारा घरातला मुलगा नाहीतर भाचा ती जोडून देतो. रोज रात्री आपोआप बॅकअप होईल असंही लावून देतो. पेटीवर हिरवा दिवा लागतो आणि घरचे निर्धास्त होतात.

त्या निर्धास्तपणाची किंमत काय असते, हे समजून घ्यायला गिटलॅबची एक रात्र तासातासाने पाहावी. गिटलॅब हे प्रोग्रॅमरांचं काम आणि त्याचा इतिहास जपून ठेवणारं सॉफ्टवेअर. २०११ साली युक्रेनमधल्या एका प्रोग्रॅमरने त्याची सुरुवात केली. ते फुकट उतरवून घरच्या सर्व्हरवर बसवता येतं, म्हणून हौशी मंडळींमध्येही ते वापरात आहे. हेच सॉफ्टवेअर गिटलॅब कंपनी स्वतःच्या सर्व्हरवर चालवून जगभरच्या लोकांना वापरायलाही देते. त्या रात्री बुडाला तो कंपनीचा हा सर्व्हर. ज्यांनी गिटलॅब घरी बसवलं होतं त्यांना धक्काही लागला नाही. पण घडलं ते असं, की ते कुठल्याही घरात घडू शकतं. कंपनीने काहीही न लपवता सगळा अहवाल जाहीर केला. त्यातल्या वेळा इथे भारतीय घड्याळाप्रमाणे दिल्या आहेत.

घड्याळ सुरू होण्याआधी

संकटाची तयारी आधीच झालेली होती आणि कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. डेटाबेसचा रोजचा बॅकअप घेऊन तो दूर ॲमेझॉनच्या सर्व्हरवर पाठवायचा, अशी सोय होती. पण डेटाबेस होता पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम चालत होता ९.२ चा. आवृत्ती जुळत नाही म्हणून तो प्रोग्रॅम चूक दाखवून बंद पडायचा. काम फसलं की ईमेल जावी, अशीही व्यवस्था होती. ती ईमेलसुद्धा जात होती, पण तिच्यावर ओळख पटवणारी आवश्यक खूण नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ती नाकारत होता.

थोडक्यात, बॅकअप होत नव्हता आणि होत नाही हे सांगणारा निरोपही वाटेतच अडत होता. इकडे तक्रार नाही म्हणजे सगळं सुरळीत आहे, असं सगळे धरून चालले होते.

मंगळवार, ३१ जानेवारी २०१७, रात्री १०.५० : उरले सहा तास

माघी गणेश जयंतीचा दिवस सरला होता. शिर्डीत समाधी मंदिरातली साडेदहाची शेजारती आटोपत आली होती. त्या सुमारास गिटलॅबचा एक इंजिनिअर चाचणीच्या सर्व्हरवर नवा प्रयोग करायच्या तयारीत होता. प्रयोगासाठी ताजा डेटा हवा म्हणून त्याने मुख्य डेटाबेसचा स्नॅपशॉट घेतला, म्हणजे त्या क्षणी डिस्कवर जे जसं होतं त्याची प्रत. असा स्नॅपशॉट चोवीस तासांतून एकदा आपोआप निघायचा. हा मात्र त्याने हाताने, मधेच काढला. आपत्तीचा विचारही त्याच्या मनात नव्हता.

या रात्री डेटाबेसमधलं जे वाचलं, ते या एका प्रतीतून परत मिळालं.

मध्यरात्रीनंतर १२.३० : उरले साडेचार तास

डेटाबेसवर अचानक ताण वाढला. स्पॅम टाकणाऱ्यांचा हल्ला असावा, असा अंदाज होता. लोकांना प्रतिक्रिया लिहिता येईनात. ताण आटोक्यात आणण्यात पुढचे कित्येक तास गेले. त्यातला काही भार घरचाच होता, हे नंतर उघड झालं. कुणीतरी खोडसाळपणे कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध तक्रार केली होती. ते खातं चुकून काढून टाकायच्या यादीत गेलं आणि त्याचा सगळा डेटा पुसायचं काम मागे चालू राहिलं.

घरच्या सर्व्हरवरही ताण असाच एकदम येतो. एक डिस्क गेली की नवी घालून तिच्यावर सगळा डेटा पुन्हा भरावा लागतो. त्यासाठी उरलेली जुनी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या असतील तर त्यांचं वयही सारखंच असतं. म्हणून दुसरी डिस्क दगा देते ती नेमकी याच वेळी.

पहाटे ४.३० : उरला अर्धा तास

शिर्डीत तेव्हाच्या काकड आरतीची वेळ. इंजिनिअरकडे त्या वेळी मध्यरात्र होती. उशीर झालाय, आता थांबतो, असं तो आधी म्हणालाही होता. तेवढ्यात नवी अडचण आली.

मुख्य डेटाबेसचं नाव होतं डीबी-१. त्याची हुबेहूब नक्कल करत राहणारा दुसरा सर्व्हर डीबी-२. ताणामुळे डीबी-२ मागे पडला आणि इतका मागे पडला, की त्याला हव्या असलेल्या नोंदी डीबी-१ ने तोवर पुसूनही टाकल्या होत्या. आता एकच मार्ग होता : डीबी-२ वरचा डेटाचा फोल्डर रिकामा करायचा आणि डीबी-१ वरून सगळं नव्याने आणायचं.

इंजिनिअरने डीबी-२ रिकामा केला. नक्कल सुरू होईना. एक सेटिंग वाढवलं, तर डीबी-१ चा डेटाबेस पुन्हा सुरू व्हायला नकार देऊ लागला. मग दुसरं सेटिंग ८००० वरून २००० वर आणलं, तेव्हा तो सुरू झाला. नक्कल करणारा प्रोग्रॅम मात्र चूकही दाखवेना आणि पुढेही सरकेना. खरं तर काहीच बिघडलेलं नव्हतं. मुख्य सर्व्हरकडून डेटा यायला सुरुवात होईपर्यंत तो प्रोग्रॅम असाच मुकाट थांबतो. पण कंपनीच्या कामाच्या टिपणांत ते लिहिलेलं नव्हतं आणि प्रोग्रॅमच्या अधिकृत माहितीतही ते स्पष्ट नव्हतं.

इथे दोन मिनिटं थांबायला हवं होतं. रात्रभर जागून, थकलेल्या डोक्याने पडद्यासमोर बसलेल्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. शिर्डीतल्या लॉजवाल्याने गुरुवारी पालखीची गर्दी ओसरल्यावर रात्री एक वाजता डिस्क बदलायला घेऊ नये, ते याचसाठी.

पाच वाजण्याच्या सुमारास : उरले काही क्षण

इंजिनिअरला वाटलं, आधीच्या प्रयत्नांत डीबी-२ च्या फोल्डरमध्ये काही फायली उरल्या असतील आणि त्याच आड येत असतील. तो फोल्डरच काढून टाकू. त्याने आज्ञा टाइप केली : आरएम, हायफन आरएफ, पुढे फोल्डरचा पत्ता. ही आज्ञा खात्री करायला थांबत नाही आणि तिने पुसलेलं कचरापेटीतही जात नाही.

पडद्यावर दोन खिडक्या होत्या. काळ्या पाटीवर सारखीच अक्षरं, फरक एका आकड्याचा. आज्ञा गेली ती डीबी-१ वर.

सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती थांबवली. तेवढ्यात सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. उरले होते जेमतेम साडेचार जीबी. डीबी-२ तर त्याने स्वतःच आधी रिकामा केलेला होता. मूळ प्रत आणि तिची नक्कल, दोन्ही एका तासाच्या आत गेल्या.

पाचनंतर : बॅकअप शोधताना

आता सगळे बॅकअपकडे धावले. कागदावर पाच वेगवेगळ्या सोयी होत्या. ॲमेझॉनवरची बॅकअपची जागा उघडली, तर ती रिकामी. आवृत्तीचा घोळ आणि नाकारलेल्या ईमेल तेव्हा कुठे उजेडात आल्या. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये अख्ख्या डिस्कची प्रत घ्यायची सोय होती. ती फायलींच्या सर्व्हरना लावलेली होती, डेटाबेसच्या सर्व्हरना नव्हतीच. बाकीच्या सोयी पुरेशा आहेत, असं धरलं होतं. डीबी-२ ची नक्कल तर मुळात बॅकअप नव्हेच. एक सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्याने काम पुढे चालवावं, एवढ्यासाठीच ती असते.

घरच्या पेटीतल्या दोन डिस्कच्या रेडची, म्हणजे दोन्ही डिस्कवर सतत एकच डेटा ठेवणाऱ्या सोयीची, गोष्ट याहून निराळी नाही. एका डिस्कवर फोटो पुसला की त्याच क्षणी तो दुसरीवरूनही पुसला जातो. डिस्क बिघडली तर रेड वाचवते. माणूस चुकला, व्हायरस आला, पेटी चोरीला गेली किंवा विजेचा दाब एकदम वाढून सगळं जळालं, तर तिचा काही उपयोग नाही.

हाती राहिला तो रात्री १०.५० चा, प्रयोगासाठी काढलेला स्नॅपशॉट. तो नसता तर चोवीस तासांतून एकदा निघणाऱ्या जुन्या प्रतीवर भागवावं लागलं असतं.

बुधवार, १ फेब्रुवारी, दिवसभर

वसंत पंचमी. दिल्लीत अकरा वाजता अर्थसंकल्प मांडला जात होता आणि गिटलॅबचा डेटा थेंबाथेंबाने परत येत होता. स्नॅपशॉट चाचणीच्या सर्व्हरवर होता. तिथल्या डिस्क स्वस्तातल्या आणि संथ. वेग सेकंदाला सुमारे ६० मेगाबिटचा. सगळं परत यायला अठरा तासांच्या आसपास लागले. कंपनीने हे काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि एका वेळी पाच हजारांवर लोक ते पाहत होते.

वेगाचा हा हिशेब घरीही करून ठेवावा. चार टीबीचे फोटो क्लाउडवर आहेत आणि घरी १०० मेगाबिटचं इंटरनेट आहे, तर ते परत उतरवायला अखंड चालू ठेवून पावणेचार दिवस लागतील. तेच बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतील आणि वेग सेकंदाला १०० एमबी (मेगाबिट नव्हे, मेगाबाइट) असेल, तर अकरा तास. वधूच्या घरचे अल्बम मागायला दारात उभे असतात तेव्हा हा फरक फार मोठा असतो.

बुधवार, रात्री पावणेबाराच्या सुमारास

सेवा पुन्हा सुरू झाली. लोकांचे मूळ कोड वेगळ्या सर्व्हरवर होते म्हणून ते वाचले. पण स्नॅपशॉटनंतरच्या सहा तासांतल्या डेटाबेसमधल्या नोंदी कायमच्या गेल्या : किमान ५००० प्रकल्प, ५००० प्रतिक्रिया आणि सुमारे ७०० नवी खाती.

मग चूक कुणाची?

कंपनीने त्या इंजिनिअरचं नाव अहवालात दिलं नाही. त्याऐवजी हे का झालं, ते का झालं, असं विचारत ती मुळाशी गेली. बॅकअपची नियमित तपासणी का होत नव्हती? कारण ते काम कुणा एकाचं म्हणून नेमलेलंच नव्हतं. मला या साऱ्या अहवालातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही वाटते. एक चुकीची आज्ञा हे निमित्त झालं. खरी आपत्ती कितीतरी आधी, बॅकअप कुणाच्याच नावावर नव्हता तेव्हाच सुरू झाली होती.

आपल्या घरांत हे सर्रास घडतं. सर्व्हर जोडून देणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला जातो. पासवर्ड त्याच्या डोक्यात. बॅकअपच्या डिस्कवर जागा संपलेली. फसल्याची ईमेल त्याच्या कॉलेजच्या जुन्या पत्त्यावर जाते. इथे घरी वडील हिरवा दिवा बघतात आणि समाधान मानतात. यात कुणी निष्काळजी नसतो. फक्त ते काम कुणाचंच नसतं.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने फोटोग्राफरांसाठी रूढ केलेला ३-२-१ चा नियम आता जगभर मानला जातो : डेटाच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. शिर्डीच्या स्टुडिओवाल्याला तो सहज पाळता येतो. एक प्रत पेटीत, एक बाहेरच्या डिस्कवर, एक राहात्याच्या बहिणीकडे किंवा क्लाउडवर. पण गिटलॅबकडे तर कागदावर पाच सोयी होत्या. प्रती किती आहेत, याने डेटा वाचत नाही. त्यातून परत काय काढता येतं, याने वाचतो.

म्हणून ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी आजच चार गोष्टी कराव्यात. घरातल्या एका माणसाचं नाव ठरवावं, बॅकअप त्याची जबाबदारी. हा माणूस घरी राहणारा असावा. पेटीवर आणि प्रत्येक डिस्कवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावं, म्हणजे घाईत चुकीच्या डिस्कला हात जाणार नाही. पासवर्ड आणि डेटा परत आणायची कृती वहीत लिहून कपाटात ठेवावी. आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, त्या माणसाने बॅकअपमधून कुठलाही एक जुना फोटो परत काढून घरच्यांना उघडून दाखवावा. फोटो उघडला तरच बॅकअप आहे असं समजावं.

नाही उघडला, तर तुम्ही नशीबवान आहात. मूळ फोटो अजून जागेवर आहे आणि दुरुस्तीला वेळ आहे. गिटलॅबला तो मिळाला नव्हता.