अकरा आणि सात

कॅनडाच्या उत्तरेला, वायव्य प्रदेशाच्या राजधानीत, यलोनाइफमध्ये फ्रेम तळ्याकाठी विधिमंडळ आहे. 19 आमदार, आणि पक्ष एकाचाही नाही. निवडून आले की सगळे एकत्र बसतात, इच्छुकांना उघडपणे प्रश्न विचारतात आणि गुप्त मतदानानं सभापती, मुख्यमंत्री व सहा मंत्री ठरवतात. सभापती सोडले, तर मंत्रिमंडळात सात, बाहेर अकरा. सरकार जन्मतःच अल्पमतात!

लग्न होऊन मी इथं आले तेव्हा मला आपली ग्रामपंचायत आठवली. तिथंही पक्षाचं चिन्ह नसतं, पण कोण कुणाचा हे पारावरच्या पोरांनाही ठाऊक असतं. शेजारच्या आजी, इथल्या मूळ रहिवासी देने लोकांपैकी, ऐकून हसल्या. इथंही ठाऊक असतं म्हणाल्या. फक्त पक्षाच्या जागी गाव असतं, नदी असते, घराणं असतं. म्हणून तर सहा मंत्री दोन उत्तरेचे, दोन दक्षिणेचे, दोन यलोनाइफचे, असा रिवाज आहे.

आजींच्या गोष्टी सुरू होतात 1921 पासून. आदल्या वर्षी नॉर्मन वेल्सला तेल लागलं होतं, म्हणून सरकारला देने लोकांशी करायच्या अकराव्या कराराची घाई. जुनी माणसं उत्तर देण्याआधी दिवसचे दिवस बोलत बसायची आणि शेवटचा म्हातारा बोलल्याशिवाय उठायची नाहीत. साहेबांना तेवढी फुरसत नव्हती. माणशी वर्षाला पाच डॉलर ठरले आणि बोटी पुढं निघाल्या. ही गोष्ट आजींनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेली, आणि पाच डॉलर म्हणताना त्या आजही पाच बोटं उघडून दाखवतात.

पुढं कित्येक वर्षं या प्रदेशाचा कारभार ओटावात बसलेले सरकारी अधिकारीच हाकत. 1951 मध्ये त्यांच्या मंडळावर पहिले तीन सदस्य निवडून आले. करारातल्या देने लोकांना कॅनडाच्या संसदेसाठी मत मिळायला मात्र 1960 उजाडलं. 1967 मध्ये यलोनाइफ राजधानी झाली आणि प्रदेशाचा कारभार पाहणारे आयुक्त आपल्या कर्मचाऱ्यांसह, फायलींसह विमानानं इथं उतरले. गावकरी बघायला गेले होते म्हणे. सरकार कसं दिसतं ते!

1975 मध्ये मंडळाचे पंधराच्या पंधरा सदस्य निवडून आलेले, आणि बहुमत मूळ रहिवाशांचं. तेव्हा न्यायमूर्ती थॉमस बर्जर गॅसवाहिनीच्या चौकशीसाठी गावोगाव फिरत होते. पस्तीसेक वस्त्यांत त्यांनी लोकांचं म्हणणं त्यांच्याच भाषेत ऐकून घेतलं, आणि 1977 च्या अहवालात मॅकेन्झी खोऱ्यातली वाहिनी दहा वर्षं थांबवायला सांगितलं. आजींची आई अशाच एका सभेत बोलली होती. आजींचं ठाम मत, की आमदारांना गप्प बसून ऐकायची सवय बर्जरनी लावली. मला यात थोडी अतिशयोक्ती वाटते. पक्ष नसणं हे अर्धं ओटावाच्या त्या जुन्या अधिकारी मंडळाचंही देणं आहे. तिथं पक्ष होतेच कुठं? बिनपक्षाच्या या सहमतीच्या कारभाराचं सगळं श्रेय जुन्या चालीरीतींना देणारी भाषणं इथं फार होतात.

1999 मध्ये पूर्वेचा भाग तुटून नुनावुत झालं, तेही बिनपक्षाचंच. इकडं नवा राजदंड घडवला. त्यात 33 वस्त्यांतले खडे घातलेत, उचलला की वाजतात. अधिकृत भाषा अकरा, त्यामुळे दुभाषे लागतातच.

आजींची तक्रार वेगळी आहे. मुख्यमंत्री आपण निवडत नाही. आणि सरकार नको झालं तर अख्खं सरकार पाडायला मतदाराच्या हाती काही नाही, आपला एक आमदार तेवढा बदलता येतो. तक्रार खरी आहे. पण 2020 मध्ये याच सभागृहानं मतदान करून एका मंत्र्याला घरी बसवलं. पक्षादेश असता तर ते झालं नसतं. म्हणून उद्या कुणी मंत्र्यांची संख्या वाढवून अकरांचं बहुमत मोडू पाहिलं, तर माझा त्याला विरोध राहील.