खंडित शिक्षण आणि गुणवत्तेचे मोजमाप : बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

उच्च शिक्षणातील ‘गुणवत्ता’ ही संज्ञा आपल्याकडे नॅकबरोबर आली, असा सर्वसाधारण समज आहे. १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि १९९२ चा कृती कार्यक्रम यांच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने १६ सप्टेंबर १९९४ रोजी बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची स्थापना केली. त्यानंतर स्वयंमूल्यमापन, श्रेणी, गुणवत्ता हमी कक्ष हे शब्द प्राध्यापकांच्या नित्य बोलण्यात आले. मात्र संज्ञा नवी असली तरी प्रश्न जुना आहे. आपल्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला संस्था कोठून कोठपर्यंत नेते, हा तो प्रश्न होय. मराठवाड्यात, विशेषतः बीड जिल्ह्यात, या प्रश्नाला एक वेगळे रूप आहे. येथील विद्यार्थ्याचे शिक्षण वारंवार खंडित होत आले आहे. त्या खंडाची नोंद गुणवत्तेच्या मोजमापात कितपत होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खंडित शिक्षणाचा वारसा

निजामी राजवटीत १९१८ साली हैदराबाद येथे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे हे विद्यापीठ देशाच्या शैक्षणिक इतिहासात महत्त्वाचे आहे. तथापि माध्यम उर्दू असल्याने मराठीभाषक विद्यार्थ्याला उच्च शिक्षणाचा आरंभच परक्या भाषेत करावा लागे. १९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांवर बडतर्फीची कारवाई झाली आणि अनेकांचे शिक्षण मध्येच तुटले. त्या वेळी नागपूर विद्यापीठाने या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. राजकीय इतिहासात ही घटना लढ्याचा एक टप्पा म्हणून नोंदली गेली आहे. शैक्षणिक इतिहासात तिचे महत्त्व निराळे आहे. तुटलेले शिक्षण पुन्हा जोडून देणे हेही विद्यापीठाचे कर्तव्य आहे, हे तेथे कृतीतून दिसले.

याच काळात अंबाजोगाईच्या (तत्कालीन मोमिनाबादच्या) योगेश्वरी नूतन विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. शाळेपुढील शिक्षणाची सोय मात्र जिल्ह्यात नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यानंतर हे चित्र पालटू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. याच संस्थेने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढताना नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते. विद्यार्थ्याच्या पोटापाण्याच्या कामाशी वेळापत्रक जुळवून घेण्याचे हे उदाहरण आजही अभ्यासण्यासारखे आहे.

बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला १९५६ मध्ये आणि बीड शहरात बलभीम महाविद्यालयाच्या रूपाने १९६० मध्ये महाविद्यालयीन शिक्षण सुरू झाले. दरम्यान २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली होती. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्यामागे दीर्घ संघर्ष होता. विद्यापीठ कोणाचे, हा प्रश्न त्या संघर्षाने ऐरणीवर आणला. प्रवेश आणि प्रतिष्ठा यांना वगळून गुणवत्तेची चर्चा करता येत नाही, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

ऊसतोडीचे वेळापत्रक

राजकीय कारणांनी होणारा खंड संपला. आर्थिक कारणांनी होणारा खंड मात्र चालू राहिला. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखानदारी वाढत गेली, तशी ऊसतोडीसाठी मजुरांची गरजही वाढली. १९७२ च्या दुष्काळाने बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा उरलासुरला आधार हिरावून घेतला आणि हंगामी स्थलांतर हा जिल्ह्याच्या जीवनक्रमाचाच भाग बनला. प्रादेशिक अनुशेषाची मोजदाद वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये केली. रस्ते, सिंचन, शिक्षण यांतील तूट त्यामुळे आकड्यांत मांडता आली. कारखान्यावर गेलेल्या मुलाच्या बुडालेल्या सहामाहीचा अनुशेष मात्र कोठेच मांडला गेला नाही.

ऊसतोडीची रीत जिल्ह्यातील प्राध्यापकांना परिचित आहे. मुकादम उचल देतो, टोळी ठरते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात. पती-पत्नी मिळून एक कोयता धरला जातो. उचल कोयत्याच्या हिशेबाने मिळत असल्याने मुलांची लग्ने लवकर उरकण्याकडे कल राहतो. बारावी उत्तीर्ण होऊन प्रथम वर्षात आलेली मुलगी दुसऱ्या सत्रात वर्गात दिसत नाही, त्यामागे अनेकदा हे कारण असते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची साक्षरता ७६.९९ टक्के होती. पुरुष व स्त्रिया यांच्या साक्षरतेत सुमारे १८ टक्क्यांचे अंतर होते. सहा वर्षांखालील बालकांत दर हजार मुलांमागे मुलींची संख्या अवघी ८०७ होती. महाविद्यालयात पोहोचलेली प्रत्येक मुलगी किती अडथळे ओलांडून आलेली असते, याची कल्पना या आकड्यांवरून येते.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. सत्र पद्धतीतील पहिल्या सत्राची परीक्षा आणि संपूर्ण दुसरे सत्र नेमके याच काळात येते. ७५ टक्के उपस्थितीची अट याच काळात लागू असते. म्हणजे हा विद्यार्थी अभ्यासात कच्चा असल्यामुळे मागे पडतो असे म्हणता येत नाही. कारखान्याचे वेळापत्रक आणि विद्यापीठाचे वेळापत्रक यांच्या कात्रीत तो सापडतो.

मूल्यांकनाची चौकट आणि तिची मर्यादा

नॅकची पद्धती काळानुसार बदलत गेली. प्रारंभी तारांकित श्रेणी होत्या. २००२ पासून नऊ श्रेणींची पद्धत आली, २००७ पासून चार गुणांच्या मापनावरील सरासरी श्रेणीगुण आले. २०१७ च्या सुधारित आराखड्यात संख्यात्मक निकषांना मोठे स्थान मिळाले, तर २०२४ मध्ये श्रेणींऐवजी ‘मानांकित’ वा ‘मानांकित नाही’ अशी पद्धत आणण्याचे परिषदेने जाहीर केले. या प्रक्रियेचा ग्रामीण महाविद्यालयांना निश्चित लाभ झाला. ग्रंथालये सुधारली, नोंदी राहू लागल्या, विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेण्याची प्रथा पडली. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु चौकटीत कोण मोजले जाते, हेही पाहिले पाहिजे. २०१७ च्या आराखड्यात उत्तीर्णतेचे प्रमाण काढताना अंतिम वर्षाच्या परीक्षेस बसलेले विद्यार्थी आधारभूत धरले गेले. प्रथम वर्षात प्रवेश घेऊन कार्तिकात निघून गेलेला विद्यार्थी त्या भाजकात येतच नाही. शंभर मुले आली आणि चाळीसच अंतिम परीक्षेपर्यंत टिकली, असे केवळ उदाहरणादाखल समजू. त्यांतील छत्तीस उत्तीर्ण झाली तर निकाल नव्वद टक्के ठरतो. उरलेल्या साठांचे काय झाले, हे त्या टक्केवारीतून समजत नाही. एके काळी वार्षिक गुणवत्ता हमी अहवालाच्या नमुन्यात गळतीची टक्केवारी तरी विचारली जात असे. विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातही पटावरील विद्यार्थ्यांचाच, तोही ई-मेलद्वारे, अभिप्राय घेतला जातो. जो नाही त्याचा आवाज तेथे उमटणे शक्य नाही.

सातत्यपूर्ण सुधारणेचा मूळ अर्थ

गुणवत्तेत सातत्याने सुधारणा करण्याची कल्पना औद्योगिक क्षेत्रातून आली. वॉल्टर शुहार्ट यांनी मांडलेला विचार डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानमधील व्याख्यानांतून पुढे नेला आणि नियोजन, कृती, पडताळणी व दुरुस्ती असे चक्र जगभर मान्य झाले. तयार माल अखेरीस तपासून सदोष नग बाजूला काढण्याने गुणवत्ता वाढत नाही, काम चालू असतानाच दोष शोधून कामाची रीत सुधारावी लागते, हे त्याचे सार आहे. आपण मात्र शैक्षणिक वर्ष संपल्यावर अहवाल भरतो. तोपर्यंत टोळी जाऊन परतलेली असते.

म्हणून बीडमधील महाविद्यालयांत पडताळणीची वेळ जिल्ह्याच्या ऋतुचक्रानुसार ठरली पाहिजे. नवरात्रापूर्वीच प्रत्येक पालक-शिक्षकाने आपल्या गटातील कोणाच्या घरी उचल घेतली आहे आणि कोणाला सोबत जावे लागणार आहे, याची नोंद करावी. अंतर्गत चाचण्या व प्रकल्पकार्य यांचे नियोजन जाण्यापूर्वी आणि परतल्यानंतर अशा दोन टप्प्यांत व्हावे. मागे राहू शकणाऱ्या मुलामुलींसाठी वसतिगृह व ‘कमवा आणि शिका’ योजना यांत अग्रक्रम असावा. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. तिची माहिती प्रवेशाच्या वेळीच दिली जावी. ज्यांना थांबणे अशक्य आहे त्यांच्यासाठी १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्ग खुला ठेवावा. आणि महाविद्यालयाने स्वतःपुरता का होईना, निकाल प्रवेशित संख्येवर काढून महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवावा. यांपैकी बहुतेक गोष्टींना खर्च जवळजवळ लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण मध्येच थांबवून श्रेयांकांसह परत येण्याची मुभा दिली आहे. बीडसाठी ही तरतूद मोलाची ठरू शकते. मात्र बाहेर पडण्याचे दार आपोआप उघडते, आत येण्याच्या दाराशी कोणीतरी उभे राहावे लागते. परतण्याचा पाठपुरावा झाला नाही तर कालची गळती उद्या ‘प्रमाणपत्र घेऊन निर्गमन’ या नावाने नोंदली जाईल. तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या भरवशावर चालणाऱ्या विभागांत हा पाठपुरावा कोण करणार, हा प्रश्न शासनालाही टाळता येणार नाही.

समारोप

१९३८ मध्ये नागपूरने विद्यार्थ्यांना तुटलेल्या ठिकाणाहून पुढे शिकू दिले. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालयाने विद्यार्थ्याच्या नोकरीला जुळणारे वेळापत्रक स्वीकारले. या दोन्ही कृतींना तेव्हा कोणी गुणवत्ता हमी म्हटले नव्हते, तरी शिक्षणाची गुणवत्ता त्यांनीच वाढवली. मूल्यांकनाची पद्धत पुढेही बदलत राहील. बीडच्या महाविद्यालयाची कसोटी मात्र तीच राहणार आहे: दिवाळीला गेलेल्यांपैकी किती जण परत आले, आणि ते परत यावेत म्हणून आपण काय केले.