नाणेघाट आणि पस्तिसांचा भाव

जुन्नरहून पश्चिमेस घाटघरपर्यंत गेलें म्हणजे सह्याद्रीची कड एकाएकीं तुटते व खालीं कोंकण दिसूं लागतें. या गांवाच्या शिवेवर नाणेघाट आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल जनावरांच्या पाठीवरून हा घाट चढे आणि जुन्नरवरून पैठणाकडे जाई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांनीं भरत असे, अशी समजूत लहानथोर सर्वांच्या तोंडीं आहे. ती खरी मानावयाची, तर त्या रांजणांत पडणारें नाणें कोणाचें, हाहि प्रश्न ओघानेंच येतो. सातवाहनांचीं शिशाचीं व तांब्याचीं नाणीं निराळीं, क्षत्रपांचीं रुप्याचीं निराळीं, आणि समुद्रापलीकडून येणारीं रोमचीं तर अगदींच निराळीं. एकाच्या बदल्यांत दुसरीं किती, हें ठरल्यावांचून व्यापार चालावा कसा?

नाणेघाटांतील लेण्यांत राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण यांचे आंकडे त्यांत मोठ्या हौसेनें कोरलेले आहेत. पण भाव कोठेंच नाहीं. राजघराण्याच्या दानाला मोजदाद पुरते, भावाची गरज भासत नाहीं. भाव सांपडतो तो नाशिकच्या पांडवलेण्यांत, आणि तो सातवाहनांच्या शत्रूच्या घरांत.

हा शत्रु म्हणजे क्षहरात क्षत्रप नहपान. त्याची सत्ता जुन्नरावरहि होती. त्याचा अमात्य अयम यानें जुन्नरच्या मानमोडी डोंगरांत पाण्याचें टाकें व मंडप दान दिल्याचा लेख ४६ व्या वर्षाचा आहे. हे वर्षांचे आंकडे शकसंवताचे समजून पूर्वीं नहपानास इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत ठेवीत; आतां बहुतेक संशोधक त्यास पहिल्या शतकांत घेतात. त्याचा जांवई उषवदात, दक्षमित्रेचा पति, यानें नाशिकच्या दहाव्या लेण्यांत जो हिशेब कोरविला आहे, तो एखाद्या पेढीच्या खतावणींत शोभावा असा आहे.

४२ व्या वर्षीं त्यानें भिक्षुसंघास लेणें दिलें आणि ३,००० कार्षापणांची अक्षयनीवि, म्हणजे कायम ठेव, गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेविली. त्यांतील २,००० दरमहा शेकडा एक या व्याजानें व १,००० शेकडा पाऊण या व्याजानें. पहिल्या रकमेचें व्याज वर्षाला २४० होतें. त्यांतून वीस भिक्षूंना प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं द्यावयाचे. हिशेब कवडीलाहि चुकत नाहीं. शिवाय हें सर्व निगमसभेंत जाहीर करून नोंदविलें असल्याचेंहि लेख सांगतो. दात्याचा श्रेणींवर विश्वास होता. नोंदणीवर त्याहून अधिक होता असें दिसतें!

त्याच लेखाच्या शेवटीं देव-ब्राह्मणांना दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. ४१ व्या वर्षीं केलेलें हें दान ४५ व्या वर्षीं पुरें झालें. रक्कम ७०,००० कार्षापण. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण याप्रमाणें २,००० सुवर्णांचें मोल. सत्तर हजार ही रक्कम स्पष्ट असतां भाव लिहिण्याचें कारण काय? मध्यें चार वर्षें गेलीं, यांतच त्याचें उत्तर असावें. देणें सोन्यांत बोललें गेलें व रुप्यांत फेडलें गेलें, तर मधल्या काळांत सराफाच्या हातीं तें घटूं नये, ही काळजी या एका आंकड्यांत दिसते. 

नहपानाचें रौप्य नाणें सुमारें सव्वादोन ग्रॅम वजनाचें. असे पस्तीस म्हणजे पाऊणशें ग्रॅमांहून थोडें अधिक रुपें. सुवर्ण म्हणजे कुषाणांचें सोन्याचें नाणें असें जुन्या पंडितांचें मत. नहपान पहिल्या शतकांतला ठरला, तर रोमचा ऑरियस अधिक संभवतो. पण दोहोंचें वजन आठ ग्रॅमांच्या आसपासच असल्यानें सोनें रुप्याच्या सुमारें दहापट पडतें. रोममध्यें पंचवीस देनारियसांचा एक ऑरियस होई, म्हणजे तेथें सोनें सुमारें बारापट. हा हिशेब धरला, तर रुप्याला रोमपेक्षां येथें अधिक मान होता. भडोचेस आणलेलीं सोन्यारुप्याचीं नाणीं देशी नाण्यांशीं बदलतां नफा होतो, असें ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथाचा कर्ता लिहितो, त्यांतलें एक कारण येथें सांपडतें. जुन्नरच्या लेण्यांत टाकीं खोदविणारा इरिल नांवाचा यवन या व्यवहाराला अपरिचित असेल असें वाटत नाहीं.

पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचा उच्छेद केला. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक रौप्य नाण्यांचा सांठा सांपडला. त्यांतील सुमारें दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपलें नांव व चिन्हें नव्यानें ठोकलीं आहेत. नहपानाचा चेहरा कित्येक नाण्यांवर त्या ठशाखालून अजूनहि डोकावतो. जेत्यानें नाणें आटविलें नाहीं, वजन बदललें नाहीं. केवळ धनी बदलला. सातवाहनांनीं पुढें स्वतःचीं मुखवट्याचीं रौप्य नाणीं पाडलीं, तींहि याच क्षत्रपी वजनाचीं.