पराणीपासून परवान्यापर्यंत

खालापूर आणि कर्जत हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याचे. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि 1863 साली आगगाडी घाट चढून गेली. मधली 33 वर्षे कोकण आणि देश यांमधला कितीतरी माल बैलांनीच चढविला-उतरविला. आज खालापुरातूनच मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. मात्र त्यावर बैलगाडीला पाय ठेवण्याची मुभा नाही! रस्ता गेला, पण बैलाची धाव काही गेली नाही. भातकापणी आटोपून जमीन सुकली, की एखाद्या माळावर धावपट्टी आखली जाते आणि दोन हलके छकडे शेजारी शेजारी उभे राहतात.

जुन्या शर्यतीला लेखी नियम कसले? पंचांचा शब्द हाच कायदा. बैल पळावा म्हणून पराणी टोचणे, आसूड ओढणे, शेपूट पिरगाळणे हे सारे गाडीवानाच्या कसबातच मोडत असे. वसुबारसेला गाय-वासराला ओवाळणारे आपण, पण शर्यतीच्या बैलाच्या पाठीवरचे वळ आपल्याला दिसत नव्हते.

ते दिसले ते कायद्याला. 11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचे नाव घातले आणि वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या पंक्तीला आपला बैल जाऊन बसला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदीची मोहोर उमटविली. महाराष्ट्राने 2017 साली कायद्यात दुरुस्ती केली. पण उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे धावपट्ट्या ओसच राहिल्या. अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला.

शर्यत परतली, पण पूर्वीची नव्हे. आता जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना हवा, पशुवैद्याचा दाखला हवा, धाव 1000 मीटरांच्या आत हवी. काठी, चाबूक, विजेचा धक्का सारे वर्ज्य. छळ झाल्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद!

हे नियम माळावर कसे दिसतात, ते मी कर्जत तालुक्यातल्या एका शर्यतीत पाहिले. झेंडा पडला, धूळ उठली आणि दोन्ही छकडे सुटले. गाडीवानांचे हात रिकामे. तोंडाने मात्र हाकांचा नुसता भडिमार. दहा-वीस श्वासांत सारा खेळ संपायचा. एका फेरीत मागे पडलेला गाडीवान हळूच वाकला आणि त्याने शेपटीला हात घातला. पंचांनी शिट्टी फुंकण्याआधीच कडेची गर्दी ओरडली, "शेपूट सोड! शेपूट सोड!" ती जोडी बाद झाली. माझ्या शेजारचे एक वृद्ध शेतकरी समाधानाने म्हणाले, "हाकेवर पळतो तोच खरा बैल. टोचून काय, कुनी पन पळल!"

नियमांनी खेळ मरतो, असे म्हणणारे सगळीकडेच असतात. 1955 साली फ्रान्समध्ये ल मां येथील मोटार-शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि 80 हून अधिक माणसे दगावली. शेजारच्या स्वित्झर्लंडने आपल्याकडे धावपट्टीवरच्या मोटार-शर्यतींनाच मनाई केली. ती पुरतेपणी उठायला 2022 साल उजाडले. इतरत्र प्रेक्षक आणि धावपट्टी यांमधले अंतर वाढले, भिंती उंचावल्या आणि तो खेळ आजही जगतो आहे.

मात्र दोहोंत एक भेद आहे. मोटार हाकणारा माणूस आपली तक्रार स्वतः मांडू शकतो. बैल ती कुणापुढे मांडणार? परवान्याचा कागद कचेरीत राहतो आणि पंचांची नजर दर वेळी पोचतेच असे नाही. तिथे उपयोगी पडते ती कडेला उभ्या असलेल्या माणसांची हाक. वाचकहो, यंदाच्या सुगीनंतर आपण मुलाबाळांसह शर्यतीला गेलात, तर कोण जिंकले एवढेच पाहू नका. मुक्या जनावराच्या वतीने ओरडायचे काम आपल्याकडे आहे, हेही ध्यानात असू द्या.