एका चिठोरीचे दोन उच्चार

हिंजवडीतल्या एखाद्या मीटिंगमध्ये ‘शेड्यूल’ म्हणून बघा. कोणी हसणार नाही, चूक काढणार नाही. पण पुढच्याच वाक्यात समोरचा ‘स्केज्यूल’ म्हणेल आणि काही दिवसांत तुमच्याही तोंडी तेच बसेल. त्याच इमारतीबाहेर सरकारी रस्त्याचं काम करणारा कंत्राटदार मात्र जन्मभर शेड्यूलच म्हणणार, कारण त्याचं अंदाजपत्रक पीडब्ल्यूडीच्या शेड्यूल रेटवर चालतं. यात एक शिकलेला आणि एक अडाणी असं काही नाही. शब्दच दोघांकडे दोन वाटांनी आला.

मूळ लॅटिन. ‘स्केडा’ म्हणजे पपायरसची पट्टी. तिचं लहान रूप ‘स्केडुला’, आपल्या भाषेत चिठोरी. फ्रेंचांनी तिचं ‘सेड्यूल’ केलं, इंग्रजांनी ते तसंच उचललं आणि कित्येक पिढ्या सुखाने ‘स’ म्हणत राहिले. मग 16व्या शतकाच्या सुमारास विद्वानांना लॅटिनचा उमाळा आला आणि स्पेलिंगमध्ये ‘एससीएच’ घुसलं. उच्चार लगेच हलला नाही. पण अक्षरं रोज डोळ्यांसमोर असली की जीभ किती दिवस दम धरणार? इंग्लंडात ‘श’ रुळला. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने 1828च्या कोशात ‘स्क’ची बाजू घेतली. अस्सल जुना ‘स’ इंग्रजीतून गेलाच. स्पॅनिशमध्ये तो टिकला आहे: लॅटिन अमेरिकेतल्या कित्येक देशांत ओळखपत्राला ‘सेदुला’ म्हणतात.

अर्थही असाच फुटला. दस्ताला जोडलेली चिठोरी, मग कायद्याच्या शेवटी जोडलेली यादी. हा ‘श’वाला अर्थ साहेबाच्या कचेरीतून आपल्याकडे आला. रिझर्व्ह बँकेच्या 1934च्या कायद्यातल्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये नाव असलेली ती शेड्यूल्ड बँक. काही सहकारी बँका हे बिरुद आजही पाटीवर मिरवतात. 1935च्या भारत सरकार कायद्यातून ‘शेड्यूल्ड कास्ट’ आलं. राज्यघटनेच्या आठव्या शेड्यूलमध्ये तर खुद्द मराठीचं नाव आहे. मराठीत आपण अशा यादीला अनुसूची म्हणतो, तरी कचेरीतल्या बोलण्यात शेड्यूल सुटत नाही.

अमेरिकेत मात्र 19व्या शतकात रेल्वेने हा शब्द वेळापत्रकाला लावला. यादीची वेळ झाली, पुढे नामाचं क्रियापदही झालं. नव्वदच्या दशकाअखेरीस एमआयडीसीने हिंजवडीत आयटी पार्क उभारायला घेतलं. तिथल्या संगणकांवर अमेरिकी ग्राहकांची कामं आली, आणि रात्रीच्या कॉलबरोबर ‘स्क’ही आला. ‘उद्याचा कॉल स्केज्यूल कर’ यात यादीचा मागमूस नाही.

आता उच्चाराचं. ‘स्क’ची मराठी माणसाने धास्ती घेऊ नये; स्कंद म्हणणाऱ्याला आधी ‘इ’ लावावा लागत नाही. गाडी अडते ती ‘ड्यू’वर. अमेरिकन तोंडात ड आणि य मिसळून ज होतो. आपण ‘एज्युकेशन’ म्हणताना हेच करतो, तेही कोणी न शिकवता! हा ज ‘जीव’मधला, ‘जाड’मधला नव्हे. जोर पहिल्या अवयवावर, ‘स्के’वर द्यायचा. आपण शेवटचा ‘यूल’ लांबवून तिथेच जोर देतो, आणि मग ‘स्क’ बरोबर येऊनही शब्द परका वाटतो. ब्रिटिश ग्राहक असेल तर शेड्यूल खुशाल म्हणा. अलीकडे तिकडचे तरुणच ‘स्क’ म्हणू लागलेत, तेव्हा श्रेष्ठ-कनिष्ठाचा वाद घालण्यात अर्थ नाही. एका वाक्यात दोन्ही मिसळू नयेत, एवढं पुरे.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत हा वाद पोचलेलाच नाही. तिथे ‘शेड्यूल आलं का?’ याचा अर्थ गाडी कंपनीने पुरवठादाराला पाठवलेली महिन्याची मागणी: कोणता पार्ट, किती नग, कोणत्या तारखेला. यादीही तीच, वेळापत्रकही तेच. महिन्याच्या मध्यावर ते बदलून येतं. मग डिस्पॅचवाला आधी नव्या शेड्यूलमधले आकडे बघतो, कारण माल उशिरा पोचून तिकडची लाइन थांबली तर डेबिट नोट त्याच्याच मालकाच्या नावे निघते.