लोहगांवचीं लिबरेटर विमानें : ओळख पटविण्याचीं साधनें

पोथीचा काळ ठरवितांना तिच्या वेष्टणावर कोणी विसंबत नाहीं; पुष्पिका, अक्षराचें वळण व कागद यांचा मेळ पाहिला जातो. विमानतळाच्या कुंपणाशीं उभे राहून दुर्मिळ विमानांचे क्रमांक टिपणारे हौशी लोक याच रीतीनें वागतात. त्यांच्या टिपणांस ऐतिहासिक साधन कां मानावें, हें पुण्यानजीकच्या लोहगांव तळावर वावरलेल्या लिबरेटर विमानांच्या उदाहरणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लिबरेटर हें चार इंजिनांचें अमेरिकन बाँबफेकी विमान. लांब अरुंद पंख, खोल पोट आणि शेपटाच्या दोन टोकांस दोन उभे पडदे, ही त्याची दुरून पटणारी खूण. दुसऱ्या महायुद्धांत अशीं 18,000 हून अधिक विमानें बांधली गेलीं. युद्ध संपतांच बहुतेक भंगारांत गेलीं. ब्रिटिश वायुदलानें आपलीं कांहीं विमानें कानपूरच्या चकेरी तळावर टाकून दिलीं व पुन्हा उडूं नयेत म्हणून त्यांची मोडतोड केली. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीनें त्यांतून सुमारे 40 विमानें पुन्हा उभीं केलीं. चाचणी-वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनीं तीं तात्पुरत्या डागडुजीवर कानपुराहून बंगळुरास उडवीत नेलीं. त्यांच्या बळावर 1948 च्या नोव्हेंबरांत भारतीय वायुदलाचें 5 वें पथक उभें राहिलें. 1951 सालीं पुण्यास उभारलेल्या 6 व्या पथकाकडे याच विमानांनीं समुद्रावर टेहळणी करण्याचें काम आलें. 1968 पर्यंत तीं सेवेंत होतीं. तोंपर्यंत इतरत्र ही जात दुर्मिळ झाल्यामुळें परदेशीय संग्रहालयांची दृष्टि भारताकडे वळली.

येथून ओळखीचा प्रश्न निघतो. भारतानें 1974 सालीं ब्रिटनच्या वायुदल-संग्रहालयास दिलेलें विमान आपल्याकडे एच.ई. 807 होतें, त्यापूर्वीं ब्रिटिश सेवेंत तेंच के.एन. 751 होतें. तिकडे त्यास ब्रिटिश खुणाच आहेत. दुसरें, 1944 सालीं फोर्ट वर्थ येथें बांधलेलें 44-44052 क्रमांकाचें विमान, भारतीय सेवेनंतर एका ब्रिटिश संग्राहकामार्फत अमेरिकेंत गेलें व दुरुस्त होऊन 1989 पासून उडूं लागलें. तेथें त्यानें आळीपाळीनें 'ऑल अमेरिकन', 'ड्रॅगन अँड हिज टेल' व 'विचक्राफ्ट' अशीं तीन नांवें व तीन रंग धारण केले. त्यांपैकीं एकहि भारतीय नव्हता. रंगावरून निर्णय करणारा वाचक या विमानाच्या चरित्रांतून भारतीय प्रकरणच गाळून बसेल.

आमच्या मतें प्रमाणांचा क्रम असा धरावा : प्रथम सांगाड्यावरील कारखान्याचा क्रमांक, नंतर सेवेंतील क्रमांक, नंतर तारीख व स्थळ नोंदलेलें छायाचित्र, रंग व चित्रें सर्वांत शेवटीं. मोडक्या विमानांतून उभ्या केलेल्या विमानाच्या बाबतींत एकाच भागावरील क्रमांकानें भागत नाहीं. अनेक लेखकांच्या हातचीं पानें एका पुठ्ठ्यांत बांधलेल्या पोथीप्रमाणें प्रत्येक भाग निराळा तपासावा लागतो. कारखान्याचा क्रमांक व सेवेंतील क्रमांक यांची सांगड घालणारी समकालीन नोंद मिळाल्यावांचून निर्णय पक्का मानूं नये.

अशी नोंद आपल्याकडे विरळा आहे, कारण लष्करी तळांवर छायाचित्रणास मज्जाव असतो. म्हणून जुन्या वैमानिकांच्या व यांत्रिकांच्या घरीं राहिलेलीं छायाचित्रें आणि उड्डाण-वह्या यांचें मोल मोठें आहे. पत्रें व कैफियती ज्या बस्त्यांत राखिल्या जातात, त्यांतच यांसहि जागा द्यावी. ज्या वाचकांच्या संग्रहीं लोहगांवचें असें एखादें चित्र असेल, त्यांनीं शेपटावरील क्रमांक, तारीख व स्थळ हीं पाठीमागें पेन्सिलीनें नोंदून ठेवावीं, इतकी आमची विनंती आहे. क्रमांकावांचून चित्र म्हणजे मिति नसलेलें पत्र होय. तें वाचतां येतें, पण त्यावरून निर्णय करतां येत नाहीं.